जर्मन वाक्यातील 'शून्य स्थाना'वरचे पाच शब्द

महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाबाबत २०२४ मध्ये करार झाला. तेथे जाऊ इच्छिणाऱ्या परिचारिका व तंत्रज्ञांपुढील पहिली पायरी भाषेची असते आणि मराठी भाषक या पायरीवर बहुधा अडखळतो तो क्रियापदाच्या स्थानावर. मराठीत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या अखेरीस येते. जर्मन विधानार्थी मुख्य वाक्यात ते दुसऱ्या स्थानी असते.

उंड (आणि), ओडर (किंवा), आबर (पण), डेन (कारण) आणि झोंडर्न (तर) ही जर्मनमधील प्रमुख प्रधानत्वसूचक उभयान्वयी अव्यये होत. ती दोन तुल्यबळ वाक्ये जोडतात, मात्र स्वतः कोणतेही स्थान व्यापत नाहीत. म्हणूनच त्यांच्या जागेला 'शून्य स्थान' म्हणतात. 'मी घरी राहतो, कारण मी आजारी आहे' हे वाक्य जर्मनमध्ये 'इश ब्लाइबे त्सू हाउझे, डेन इश बिन क्रांक' असे होते. 'इश' (मी) पहिल्या, तर 'बिन' (आहे) दुसऱ्या स्थानी राहते.

'कारण' याच अर्थाचे 'वाइल' हे अव्यय मात्र गौणत्वसूचक आहे. ते क्रियापदाला अखेरीस ढकलते: 'वाइल इश क्रांक बिन'. ही रचना मराठीला जवळची वाटते. त्यामुळे 'डेन'नंतरही क्रियापद शेवटी नेण्याची चूक सहज घडते. शिवाय 'वाइल'चे वाक्य आरंभी येऊ शकते, 'डेन'चे नाही.

दोन्ही भाषांचे वर्गीकरण सर्वत्र जुळत नाही. मराठी व्याकरणात 'म्हणून' हे प्रधानत्वसूचक अव्यय आहे. त्याच अर्थाचे जर्मन 'डेसहाल्ब' हे क्रियाविशेषण असून ते पहिले स्थान घेते. परिणामी क्रियापद कर्त्याच्या आधी येते: 'डेसहाल्ब ब्लाइबे इश त्सू हाउझे'.

'आबर' आणि 'झोंडर्न' यांतही फरक आहे. आधी नकार असेल आणि त्याऐवजी दुसरी गोष्ट सांगायची असेल, तरच 'झोंडर्न' वापरतात: 'एर इस्ट काइन आर्त्स्ट, झोंडर्न लेरर', म्हणजे 'तो डॉक्टर नव्हे, तर शिक्षक आहे'. येथे मराठीतील 'नव्हे, तर' ही जोडी अचूक मार्ग दाखविते.

'आबर', 'डेन' व 'झोंडर्न' यांनी वाक्ये जोडताना आधी स्वल्पविराम आवश्यक असतो. 'उंड' व 'ओडर' यांनी जोडलेल्या मुख्य वाक्यांत तो १९९६ च्या लेखनसुधारणेने ऐच्छिक केला.