चिठ्ठी गेली, वसतिगृह हवं

पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात वारणाकाठच्या कोडोलीतल्या एखाद्या पाटलाने मुलाला लष्करात अधिकारी करायचं मनात आणलं असतं, तर शाळेच्या मास्तरांच्या आधी त्याला कचेरीची पायरी चढावी लागली असती. कोडोली तेव्हा कोल्हापूर संस्थानात होती. तिथल्या मुलाचं नाव दरबारातून इंग्रजांच्या पोलिटिकल अधिकाऱ्यापुढे, तिथून मुंबई सरकारकडे आणि शेवटी व्हाइसरॉयच्या दप्तरी जायचं. घराणं कोणतं, सरकारशी इमान किती, मुलाला इंग्रजी बोलण्याचा सराव आहे का आणि विलायतेतल्या सँडहर्स्ट लष्करी महाविद्यालयाचा खर्च बापाला झेपेल का, या प्रश्नांवर निवड ठरायची. परीक्षा होती, पण नाव पुढे गेल्याशिवाय तिला बसता येत नसे. नामनिर्देशनाची ही पद्धत आज इतिहासजमा झाली आहे. चिठ्ठी गेली म्हणजे दार उघडलं, असं आपण सहज धरून चालतो. कोल्हापूरचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. शिफारस दाराशी उभी असायची, पण मुलगा दारापर्यंत पोचेल की नाही हे शाळा आणि वसतिगृह ठरवत असत. शिफारस हटली तरी तो प्रश्न तिथेच राहिला.

ही पद्धत ज्या हेतूने आली तो हेतू आधी पाहायला हवा. १९०१ साली लॉर्ड कर्झनने इम्पीरियल कॅडेट कोअरची योजना मांडली, ती राजेरजवाड्यांच्या आणि सरदारांच्या मुलांसाठी. तिथून बाहेर पडणाऱ्यांनाही इंग्रज अधिकाऱ्यांच्या बरोबरीचं कमिशन मिळत नव्हतं. युद्धात हिंदी सैनिकांचं रक्त सांडल्यावर, १९१७ साली, राजाचं कमिशन हिंदी लोकांना देण्याचं सरकारने मान्य केलं आणि पुढच्या वर्षीपासून सँडहर्स्टमध्ये वर्षाला १० जागा ठेवल्या. अख्ख्या उपखंडासाठी १० जागा. त्यांच्यासाठी मुलं तयार करायला १९२२ साली डेहराडूनला प्रिन्स ऑफ वेल्स रॉयल इंडियन मिलिटरी कॉलेज निघालं. इंग्लंडमधल्या पब्लिक स्कूलच्या धर्तीवरचं हे विद्यालय फी भरू शकणाऱ्यांचं होतं. त्याच काळात पश्चिम महाराष्ट्राच्या खेड्यांतून मराठा पलटणींत जाणाऱ्या शिपायांची कमतरता नव्हती. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीला लोक आजही सैनिक टाकळी म्हणतात, ते उगाच नाही. पण त्या शिपायाला पराक्रमाने फार तर सुभेदार-मेजर होता येई. ते व्हाइसरॉयचं कमिशन, आणि ते मिळवलेला अनुभवी माणूसही काल भरती झालेल्या गोऱ्या सेकंड लेफ्टनंटच्या हाताखालीच राही. ज्या जिल्ह्याने माणसं दिली त्याला हुकूम देण्याची जागा मिळत नव्हती, आणि ती जागा कोणाला द्यायची हे शिफारस ठरवत होती.

यावर एक आक्षेप लगेच येईल. याच पद्धतीतून करिअप्पा आले, थिमय्या आले आणि कोडोलीपासून काही कोसांवरच्या वडगावचे शंकरराव पांडुरंग पाटील थोरातही आले. १९०६ साली जन्मलेल्या थोरातांना १९२६ साली सँडहर्स्टहून कमिशन मिळालं. १९४५ साली ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत त्यांनी २/२ पंजाब पलटणीचं नेतृत्व केलं. त्या ब्रिगेडमधल्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते, थोरात, थिमय्या आणि एल. पी. सेन, आणि तिघांनाही डीएसओ हा लष्करी सन्मान मिळाला. कोरियातल्या युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी गेलेल्या भारतीय दलाचं नेतृत्व थोरातांनीच केलं, आणि १९५७ ते १९६१ या काळात ते पूर्व विभागाचे सेनापती होते. मग पद्धत वाईट कशी? तिने निवडलेले लोक वाईट होते असं माझं म्हणणं नाही. कोणत्याही पद्धतीचा न्याय तिने आत घेतलेल्यांवरून करायचा असेल, तर तिने बाहेर ठेवलेले कोण याचाही हिशेब मांडावा लागतो, आणि बाहेर राहिलेल्यांची नावं कुठल्याच दप्तरात नसतात. शिवाय थोरातांचं उदाहरण शिफारशीच्या बाजूने उभं राहत नाही. त्यांचे वडील पांडुरंग चिमणाजी पाटील हे शेतीशास्त्राचे जाणकार. शाहू महाराजांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी उच्च शिक्षणाची वाट रुंद केली, त्या काळात कोल्हापुरात शिकून पुढे गेलेल्या पहिल्या पिढीतले. बाप कॉलेजात पोचला म्हणून मुलगा सँडहर्स्टच्या अर्जापर्यंत पोचू शकला. शिफारस ही त्या प्रवासातली शेवटची पायरी होती, पहिली नव्हे.

ही गोष्ट त्या काळातल्या लोकांच्याही ध्यानात आली होती. १९२५ साली नेमलेल्या स्कीन समितीने सँडहर्स्टमधल्या हिंदी जागा वाढवण्याची आणि पुढे भारतातच लष्करी महाविद्यालय काढण्याची शिफारस केली. पुरेशी लायक मुलं मिळत नाहीत ही सरकारची तक्रार, आणि तशा शाळा आहेत कुठे हा हिंदी पुढाऱ्यांचा उलट सवाल. नागपूरच्या डॉ. बा. शि. मुंजे यांनी तो सवाल कृतीत उतरवला. भारतीय लष्करी महाविद्यालयासाठी १९३१ साली नेमलेल्या समितीत ते होते, आणि १९३७ साली त्यांनी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू केलं. पुण्यात १९३२ साली श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल निघालं. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीत ४० कॅडेट दाखल झाले: १५ जागा खुल्या स्पर्धेच्या, १५ सैन्यातल्या शिपायांमधून वर आलेल्यांच्या, १० संस्थानांच्या फौजांच्या. खुल्या जागांमधून आलेला एक मुलगा अमृतसरच्या पारशी डॉक्टरचा होता. सॅम माणेकशा त्याचं नाव. परीक्षेने शोधलेला माणूस शिफारशीने शोधलेल्या माणसापेक्षा उणा नसतो, हे पहिल्याच तुकडीने दाखवलं.

स्वातंत्र्यानंतर ही दिशा पक्की झाली. १९४९ साली खडकवासल्याला पायाभरणी झालेल्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत आज संघ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा आणि निवड मंडळाची मुलाखत, दोन्हींना प्रत्येकी ९०० गुण. कुणा मंत्र्याची चिठ्ठी तिथे उपयोगी पडत नाही. अमेरिकेत आजही वेस्ट पॉइंटला जाऊ पाहणाऱ्या बहुतेक मुलांना आपल्या काँग्रेस सदस्याकडे किंवा सिनेटरकडे नामनिर्देशनासाठी अर्ज करावा लागतो. त्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात की, यामुळे देशाच्या कानाकोपऱ्यातून मुलं येतात. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. निव्वळ गुणवत्ता यादी लावली की शहरांतले खासगी वर्ग परवडणारे पुढे जातात आणि पन्हाळा तालुक्यातल्या गावाचं नाव यादीत दिसत नाही, ही तक्रार आपल्याकडेही आहे. पण प्रदेशाला वाटा द्यायला मध्ये माणूस लागतोच असं नाही. डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजात राज्यांना जागा वाटून दिलेल्या आहेत, आणि महाराष्ट्राच्या मुलांची परीक्षा पुण्याची परीक्षा परिषद घेते. साडेअकरा ते तेरा वर्षांच्या मुलाला गणिताचे २००, इंग्रजीचे १२५, सामान्य ज्ञानाचे ७५ आणि तोंडी परीक्षेचे ५० गुण. जागा राज्याची, निवड गुणांची. उलट जिथे माणूस मध्ये ठेवला तिथे काय होतं तेही आपण पाहिलं आहे. केंद्रीय विद्यालयांत प्रत्येक खासदाराला १० मुलांची नावं सुचवता येत असत. तो कोटा २०२२ साली रद्द झाला. दहा जागांसाठी खासदाराच्या दारात किती पालक येऊन उभे राहत आणि त्यातले किती रिकाम्या हाताने परतत, हे कुठल्याही मतदारसंघाला विचारावं.

म्हणजे शिफारस नको, हे ठरलं. पण साडेअकराव्या वर्षी गणिताचा २०० गुणांचा पेपर इंग्रजीत किंवा हिंदीत सोडवायला कोडोलीच्या मराठी शाळेतल्या मुलाला कोण तयार करणार? शाहू महाराजांनी याच जातीचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी सोडवायला घेतला होता. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. पण त्याच्या आदल्याच वर्षी कोल्हापुरात मराठा बोर्डिंग उघडलं होतं, आणि पुढच्या काही वर्षांत जैन, मुस्लिम, लिंगायत आणि अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या मुलांसाठी अशी वसतिगृहं उभी राहिली. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. जागा राखायची आणि त्या जागेपर्यंत पोचण्याची तजवीजही करायची, असा त्यांचा क्रम होता. नुसती राखीव जागा रिकामी राहते, आणि नुसतं शिक्षण दारातून परत फिरतं.

महाराष्ट्राने हा धडा अर्धा गिरवला आहे. देशातली पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात निघाली, तेव्हा यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते. सहावीच्या प्रवेशपरीक्षेला आता मराठी माध्यमही घेता येतं, आणि २०२१ पासून मुलींनाही या शाळांत प्रवेश आहे. १९७७ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, शासनाने सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था काढली. दहावीनंतरची दोन वर्षं मुलांना तिथे ठेवून प्रबोधिनीच्या परीक्षेसाठी तयार केलं जातं, आणि मुलींसाठी अशी संस्था आता नाशिकला आहे. ही शाहूंच्या बोर्डिंगचीच आजची रूपं आहेत. पण ती मोजक्याच ठिकाणी आहेत, आणि सैनिक शाळेचा वर्षाचा खर्च लाखाच्या पुढे गेला आहे. शिष्यवृत्ती असते, पण तिची माहिती आणि कागद वेळेत जमवणारा माणूस घरात असेल तरच ती हाती लागते.

एक आक्षेप याहून खोल आहे. शिपाई होण्यात कमीपणा काय? ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत माणसं पाठवली, त्यांना अधिकारीपदाची आस लावून आपण त्यांच्या परंपरेला खाली का लेखायचं? हा प्रश्न आदराने घ्यायला हवा. शिपायाच्या सेवेला कुठलीही पायरी कमी करत नाही. पण परंपरा तिथवरच थांबली ती गावाच्या इच्छेने नव्हे. १९३२ च्या पहिल्या तुकडीत शिपायांमधून १५ जण घेतले गेले आणि त्यांतून उत्तम अधिकारी निघाले. १९६० साली पुण्यात सुरू झालेलं आर्मी कॅडेट कॉलेज आजही डेहराडूनमधून शिपायांना अधिकारी करतं. दोन्ही वाटा समोर असताना एखाद्याने पलटणीतली शिपायाची वाट निवडली तर तो त्याचा अभिमान आहे. दुसरी वाट अस्तित्वात आहे हे कळलंच नाही म्हणून निवडली, तर ती आपली चूक आहे.

कोडोलीच्या शेजारी वारणानगर उभं राहिलं ते सहकारातून. तात्यासाहेब कोरे यांनी उसाला कारखाना दिला आणि त्याच्या भोवती शाळा-महाविद्यालयंही उभी राहिली. गावांनी पैसा एकत्र करून मोठी गोष्ट उभारायची हे या खोऱ्याला नवं नाही. पाचवी-सहावीतल्या मुलामुलींना सैनिक शाळेच्या आणि डेहराडूनच्या परीक्षांसाठी वर्षभर ठेवणारं एखादं वसतिगृह, जिथे गणित आणि इंग्रजी रोज शिकवलं जाईल आणि अर्जाचा प्रत्येक कागद कुणीतरी बरोबर बसून भरून घेईल, एवढंच काम आहे. ते तालुक्यातल्या पंचायती, साखर कारखाने आणि माजी सैनिक मिळून करू शकतात. शंभर वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या गादीने सरकारी नोकरीसाठी जे केलं, ते लष्करातल्या अधिकारीपदासाठी आता गावांनी करायचं आहे. शिफारशीच्या काळात गरीब घरच्या मुलाला कुणाच्या तरी मर्जीची वाट पाहावी लागायची. आज त्याला फक्त तयारीची गरज आहे, आणि तयारी आपण देऊ शकतो.