खाण, खंदक आणि धाऊ

बेळगावच्या किल्ल्याभोवतीचा खंदक आणि कन्नड पाट्यांवरचा ‘गणि’ (म्हणजे खाण) हे एकाच कुळातले शब्द असावेत, हे ऐकून प्रथम पटत नाही. ‘गणि’चे कोडे सोपे आहे. संस्कृत ‘खनि’, प्राकृत ‘खणि’; कन्नडने त्यातला महाप्राण सोडलेला दिसतो. मराठी ‘खाण’ दीर्घ ‘खानि’वरून आली. खंदक मात्र लांबच्या वाटेने आला. अरबीने तो पहलवी ‘कंदग’वरून घेतला, अर्थ ‘खणलेले’. फारसीत ‘कंदन’ म्हणजे खणणे, अवेस्तात धातू ‘कन्’, आपला ‘खन्’. उर्दूत खाणकामगाराला ‘कानकन’ म्हणतात. एकाच शब्दात तो धातू दोनदा आला असावा!

पण व्याकरणातला धातू, शरीरातले सप्तधातू आणि तांबे-सोने यांना एकच नाव का? मूळ ‘धा’, म्हणजे ठेवणे. बुडाशी ठेवलेला घटक तो धातू, असा पहिला अर्थ असावा. प्राकृतात ‘त’ गळून ‘धाउ’ झाला. त्यावरून मराठीतली ‘धाऊ’, तो तांबूस मऊ दगड. महाबळेश्वराकडे पूर्वी लोखंड गाळणारे ‘धावड’ही त्यातलेच. ग्रीक ‘मेटॅलॉन’ची वाट निराळी: आधी अर्थ खाण, मग धातू. तिथे खणणाऱ्याची नजर, इथे ठेवण्याची.

मला आपली नजर भूशास्त्राला अधिक जवळची वाटते. भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूटने 1876 साली बेळगावकडच्या या ‘दक्षिण मराठा’ मुलखाच्या भूरचनेवर ग्रंथ लिहिला. निपाणीकडे बेसाल्टचे पांघरूण आहे. ते आग्नेयेला सरते, तसे धारवाडी खडक आणि ग्रॅनाइट वर येतात. (ग्रॅनाइटमधले लॅटिन ‘ग्रानुम’, म्हणजे दाणा, आणि आपले ‘जीर्ण’ एकाच मुळाचे मानतात; दोन्हींत झिजणे, दळणे आहे.) पुढे गदगचा सोन्याचा पट्टा, त्याहून पुढे रायचूर जिल्ह्यातली हट्टी, तिथला पट्टा तर ग्रॅनाइटी खडकांनीच वेढलेला. ग्रॅनाइटचा रस जुन्या खडकांत घुसतो तेव्हा आसपासच्या भेगांतून तप्त पाणी खेळते. ते निवताना विरघळलेली गार आणि धातू तिथेच सोडते. अशा साठ्याला परिभाषेत ‘निक्षेप’ म्हणतात. स्मृतिग्रंथांत निक्षेप म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव, पुन्हा ठेवणेच!

राहिली भेगेत साचलेल्या गारगोटीची ‘शीर’. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त ‘शिरा’ येतात त्या जमिनीखालच्या पाण्याच्या. खाणीतली शीरही कधीकाळी पाण्याचीच वाट होती.