हाताचा स्प्लिंट नेमका किती तास घातला? सेन्सर काय सांगतो आणि काय नाही

हाताच्या दुखापतीनंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर बोटं आणि मनगट ठरावीक स्थितीत राहावीत म्हणून स्प्लिंट देतात. बहुतेक वेळा ऑक्युपेशनल थेरपिस्ट प्लास्टिकची खास शीट सुमारे ७० अंश सेल्सियसच्या पाण्यात मऊ करून रुग्णाच्या हातावरच तिला आकार देतात. प्लास्टर घरी काढता येत नाही. स्प्लिंट मात्र वेलक्रोचे पट्टे सोडले की निघतो. त्यामुळे तो किती तास घातला, हे फक्त रुग्णालाच माहीत असतं, आणि आठवणीतून सांगितलेले तास बहुधा प्रत्यक्षापेक्षा जास्त असतात. म्हणूनच स्प्लिंटमध्ये छोटे सेन्सर बसवण्याचे प्रयोग सुरू झाले.

तासांना एवढं महत्त्व का?

क्रिकेटचा चेंडू लागून बोटाचं टोक खाली वाकतं, तेव्हा टोक सरळ ठेवणारी कंडरा (बोलीत ‘शीर’) तुटलेली असते. अशा बोटाला साधारण ६ ते ८ आठवडे सलग स्प्लिंट लागतो. मध्ये एकदा जरी टोक वाकलं, तरी दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात.

पिंपरी-चिंचवड, चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत प्रेस आणि कटिंग मशीनवर काम करणाऱ्यांना हाताच्या दुखापतीचा धोका असतो. तळहाताकडची कंडरा कापली गेली, तर ती शिवल्यावर सुमारे ६ आठवडे स्प्लिंटचं संरक्षण लागतं. या काळात स्प्लिंट काढून पाण्याची बादली उचलली, तर टाके तुटून पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. हात अजिबात हलवला नाही, तर कंडरा आजूबाजूच्या भागाला चिकटते. म्हणून स्प्लिंट आणि ठरवून दिलेले व्यायाम दोन्ही लागतात.

सेन्सर काम कसं करतो?

सर्वांत सोपा सेन्सर तापमानाचा. बटणाएवढी चकती स्प्लिंटच्या आत बसवतात. ती दर १५ मिनिटांनी नोंद करत असेल, तर दिवसाला ९६ नोंदी मिळतात. त्वचेजवळचं तापमान साधारण ३२ ते ३५ अंश असतं. स्प्लिंट काढून ठेवला की आकडा खोलीच्या तापमानाकडे घसरतो. दाबाचा सेन्सर पट्टा सैल आहे की घट्ट ते सांगतो, तर हालचालीचा सेन्सर हात वापरात आहे का ते टिपतो.

याचा उपयोग सिद्ध झाला आहे का?

मोठा पुरावा हाताचा नाही, पाठीच्या कण्याचा आहे. कणा वाकडा होत चाललेल्या मुलांच्या पट्ट्यात तापमानाचे सेन्सर बसवून अमेरिका आणि कॅनडात अभ्यास झाला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सूचना दिवसाला किमान १८ तासांची होती, पण अनेक मुलं पट्टा त्याहून बरीच कमी वेळ घालत होती. दिवसाला सरासरी १२.९ तास किंवा जास्त पट्टा घालणाऱ्यांमध्ये ९० टक्क्यांहून अधिक जणांना यश आलं. म्हणजे किती तास पुरेसे, हेही सेन्सरमुळे कळलं. हाताच्या बाबतीत असेच नेमके आकडे मिळावेत, ही अपेक्षा आहे.

पुण्याच्या उन्हाळ्यात काय होईल?

एप्रिल-मेमध्ये पुण्यात दुपारचा पारा अनेकदा ३८ ते ४० अंशांवर जातो. अशा वेळी खिडकीत किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवलेला स्प्लिंटही ‘हातावर आहे’ असं दिसू शकतं. म्हणून एकट्या तापमानावर भिस्त ठेवता येत नाही. बाहेरच्या बाजूला दुसरा सेन्सर किंवा हालचालीची नोंद सोबत लागते.

स्प्लिंट का काढला, हे कोण सांगणार?

सेन्सर तास सांगतो, कारण सांगत नाही. घामाने खाज सुटली, कड बोचली, बोटं बधिर झाली, भाकरी थापायची होती किंवा गाडी चालवायची होती, यापैकी काहीही असू शकतं. रोज दुपारी तीनच तास स्प्लिंट निघत असेल, तर थेरपिस्ट कड घासून देऊ शकतात किंवा वेळापत्रक बदलू शकतात. नोंदीचा खरा फायदा इथे आहे.

ही नोंद कोणाकडे जाते, हा प्रश्नही तितकाच मोठा आहे. कामावर जखमी झालेल्या विमाधारक कामगाराला कामगार राज्य विमा योजनेत तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या ९० टक्के लाभ मिळतो. ‘स्प्लिंट घातला नाही’ ही नोंद मालकाकडे किंवा विमा कंपनीकडे गेली, तर ती कामगाराविरुद्ध वापरली जाण्याची भीती राहते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती मोकळेपणाने आणि ठरावीक हेतूसाठीच दिलेली असावी लागते.

रुग्णाने काय विचारावं?

दिवसात किती तास, रात्री घालायचा का, आंघोळीच्या वेळी काय करायचं आणि सेन्सर असल्यास नोंद कोण पाहणार, हे चार प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावेत. बोटं निळी पडली, सुजली किंवा बधिर झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टर किंवा थेरपिस्टना दाखवावं.