छत्री कोणाच्या छपरावर?

लोहगडाच्या माथ्यावर उभे राहिले की मोबाइलला तीन-चार टॉवर एकदम सापडतात. तोच माणूस डोंगर उतरून मागच्या खोऱ्यातल्या एखाद्या वाडीत गेला, की मेसेज पाठवण्यासाठी बांधाबांधाने फिरतो. भटक्यांना याची गंमत वाटते. दूरसंचाराच्या अर्थशास्त्राला मात्र यात दोन वेगळे प्रश्न दिसतात. एक लहरींचा : लहर डोंगराआड पोहोचते का? दुसरा हिशेबाचा : पोहोचवणे कंपनीला परवडते का? उपग्रह इंटरनेटची चर्चा होते तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर दाखवून दुसराही सुटला असे गृहीत धरले जाते. मावळात हे गृहीतक तपासून पाहणे सोपे आहे, कारण गर्दीचे शहर आणि रेंजविना वाडी यांच्यात इथे जेमतेम एक डोंगर असतो.

आधी जमीन पाहू. अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ ही खोरी सह्याद्रीच्या कण्यापासून पूर्वेकडे उतरतात आणि त्यांच्यामध्ये डोंगरांच्या सोंडा आहेत. रेल्वे, जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग हे तिन्ही लोणावळा-मळवली-कामशेत-वडगाव-तळेगाव या एकाच पट्ट्यातून जातात. फायबरची केबल रस्त्याच्या कडेने येते आणि टॉवर केबलच्या मागे येतो. त्यामुळे 1863 मध्ये भोर घाटातून रेल्वेने जी वाट धरली, तीच आज इंटरनेटचाही हमरस्ता आहे. टॉवरची लहर साधारण सरळ रेषेत जाते, मध्ये डोंगर आला की पलीकडे तिची सावली पडते. 700 ते 900 मेगाहर्ट्झच्या लहरी अडथळ्याला थोडा वळसा घालतात. 5जीसाठी मुख्यतः वापरली जाणारी 3300 मेगाहर्ट्झची लहर मात्र भिंतीलाच अडखळते. लोणावळ्याच्या बाजारपेठेत ती उत्तम चालते, तुंग किल्ल्याच्या पायथ्याला तिचा उपयोग नाही.

आता हिशेब. टॉवर उभारणे, तिथवर केबल नेणे किंवा डोंगरावरून सूक्ष्मलहरींचा दुवा जोडणे, लाइट गेली की डिझेलवर जनरेटर चालवणे, या खर्चाला ग्राहक पन्नास की पाच हजार याच्याशी फारसे देणेघेणे नसते. मोठ्या खाजगी कंपन्यांना एका ग्राहकामागे महिन्याला सरासरी दोनशे-अडीचशे रुपये मिळतात. साठ उंबऱ्यांच्या वाडीचा गुणाकार कोणीही करावा. म्हणून स्पर्धा जिथे आहे तिथे ती तुफान आहे. लोणावळ्यात जिओ, एअरटेल, व्होडाफोन-आयडिया आणि बीएसएनएल एकाच गिऱ्हाइकामागे धावतात. खोऱ्याच्या टोकाला मात्र एकच कंपनी असते, किंवा कोणीच नसते. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय 2011 पासून देशभर आहे. पण जिथे एकाच कंपनीचा टॉवर पकडतो, तिथे ही सोय कागदावरच राहते.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आली आणि डेटाचा भाव कोसळला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या भावयुद्धात एअरसेल, रिलायन्स कम्युनिकेशन्स, टाटा, टेलिनॉर बाहेर पडल्या किंवा विकल्या गेल्या. व्होडाफोन आणि आयडिया 2018 मध्ये एक झाल्या, आणि एप्रिल 2025 पासून त्या कंपनीत सरकारचाच हिस्सा 49 टक्क्यांच्या जवळ आहे. उरलेल्यांनी 2019, 2021 आणि 2024 मध्ये दर वाढवले. स्वस्ताईने ग्राहक वाढले हे खरे, पण मिळकत इतकी पातळ झाली की डोंगराआडच्या टॉवरची वेळच येईना. ते काम सरकारी निधीवर आले. 2022 मध्ये रेंज नसलेल्या 24,680 गावांसाठी 4जीची योजना मंजूर झाली. जानेवारी 2025 पासून सरकारी पैशाच्या टॉवरवर दुसऱ्या कंपनीचे सिमही चालावे अशी व्यवस्था सुरू झाली. माझ्या मते गेल्या दहा वर्षांतला ग्रामीण ग्राहकाच्या हिताचा हा सर्वात शहाणा निर्णय आहे, आणि त्याची चर्चा सर्वात कमी झाली.

मग उपग्रह. मावळाला तो नवा नाही. केबलवाला ज्या वाडीत कधीच गेला नाही, तिथे पंधरा-वीस वर्षांपूर्वी टीव्हीची छत्री पोहोचली. कौलावर, पत्र्यावर, गोठ्याच्या मेढीवरसुद्धा. म्हणूनच लोकांना वाटते, टीव्ही आला तसे नेटही येईल. हे साधर्म्य फसवे आहे. टीव्हीचा उपग्रह एकच चित्र सगळ्यांवर पाडतो, छत्र्या शंभर असोत की एक कोटी, वर खर्च तोच राहतो. इंटरनेटमध्ये प्रत्येकाची मागणी निराळी असते. एका घरात गणिताचा तास, शेजारी क्रिकेट, पलीकडे सातबारा डाउनलोड. आकाशातली क्षमता या सर्वांत वाटली जाते आणि माणसे वाढतील तसा प्रत्येकाचा वाटा घटतो. टीव्हीची छत्री पावसासारखी सर्वांवर सारखी पडते, इंटरनेटची छत्री पाटाच्या पाण्यासारखी पाळीने मिळते.

यंत्रणाही वेगळी. टीव्हीचा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर एकाच जागी दिसतो. तिथवर जाऊन परत येताना लहरीला पाव सेकंद लागतो, त्यामुळे फोनवरचे बोलणे अडखळते. उपग्रह इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीचे उपग्रह 550 किलोमीटरच्या आसपास फिरतात, म्हणून विलंब नगण्य होतो. पण एक उपग्रह डोक्यावर काही मिनिटेच असतो, म्हणून हजारो लागतात, आणि दोन फुटी पाटीला सतत नवा उपग्रह पकडत राहावे लागते. त्यासाठी मोठे मोकळे आकाश हवे. पवना धरणाच्या काठावर ते मिळते. कड्याच्या पोटात किंवा आंबा-जांभळांच्या दाटीत वसलेल्या वाडीला मिळेलच असे नाही.

त्यात लोणावळ्याचा पाऊस. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. तळेगावपर्यंत येताना तो निम्म्याहून कमी होतो. टीव्हीच्या छत्रीच्या आणि स्टारलिंकच्या पाटीच्या लहरी जवळपास एकाच पट्ट्यातल्या, दहा-बारा गिगाहर्ट्झच्या. पावसाच्या थेंबांना त्या शोषून घेता आणि विखुरता येतात. मुसळधार सर आली की टीव्हीवर ‘सिग्नल नाही’ येते, हे मावळातल्या पोरालाही पाठ आहे. फिरत्या उपग्रहांची पाटी कमी पावसाच्या दिशेचा उपग्रह शोधू शकते, वेग घटवून तग धरते, त्यामुळे ती टीव्हीइतकी चटकन मान टाकत नाही. पण ढगफुटीत ती टिकेल अशी अपेक्षा करू नये. आणि लाइट गेली की तीही गेलीच.

क्षमतेची मर्यादा सरकारनेच आकड्यात सांगितली आहे. जुलै 2025 मध्ये दूरसंचार राज्यमंत्री पेम्मसानी चंद्रशेखर म्हणाले की स्टारलिंकला भारतात फार तर 20 लाख ग्राहक घेता येतील आणि महिन्याचा खर्च तीन हजारांच्या आसपास असेल. डिसेंबरात कंपनीच्या भारतीय संकेतस्थळावर 8,600 रुपये महिना आणि 34,000 रुपयांचा संच असे आकडे झळकले. ते चाचणीचे आकडे चुकून दिसले, असा खुलासा कंपनीने केला. कोणताही आकडा धरला तरी तो दोनशे रुपयांच्या रिचार्जशी स्पर्धा करत नाही.

आकाश आणि जमीन यांचे भांडण याच पुणे जिल्ह्यात एकदा होऊन गेले आहे. 23 जुलै 1927 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी इंग्लंडशी जोडणाऱ्या बिनतारी सेवेचे उद्घाटन केले. संदेश खडकीहून सुटायचा, तिकडून येणारा दौंडला उतरायचा. समुद्राखालच्या तारेपेक्षा हा मार्ग स्वस्त होता, आणि तारेच्या कंपन्यांचा धंदा त्याने जगभर खाल्ला. पण तारेवरचा संदेश वाटेत कोणाला ऐकू येत नाही, म्हणून साम्राज्याला तार हवीच होती. तोडगा असा निघाला की दोघांना एकत्र करा. 1929 मध्ये लंडनमध्ये आणि 1932 मध्ये भारतात ‘इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स’ या नावाने तार आणि बिनतार एकाच मालकाकडे आल्या. स्पर्धा पाच वर्षे टिकली. पुढे 1947 मध्ये सरकारने ती कंपनी ताब्यात घेतली, आणि 1971 मध्ये जुन्नर तालुक्यातल्या आर्वीला विक्रम भूकेंद्र उभे राहिले तेव्हा उपग्रहही त्याच सरकारी खात्याच्या हाती आला. नव्या तंत्राने जुन्याला मारले, असे त्या साखळीत कुठेच झाले नाही. जुन्याने नव्याला पदरात घेतले.

आजही तसेच चालले आहे, फक्त वेग जास्त. उपग्रहाच्या लहरी लिलावाने द्याव्यात, नाहीतर आम्ही कोट्यवधी मोजून घेतलेल्या लहरींवर अन्याय होईल, असा जिओचा आग्रह होता. ऑक्टोबर 2024 मध्ये एअरटेलच्या सुनील मित्तल यांनीही शहरी ग्राहकांपुरता तोच सूर लावला. दूरसंचार अधिनियम 2023 ने मात्र उपग्रहासाठी लिलावाविना वाटपाची वाट ठेवली होती आणि सरकार तिच्यावर ठाम राहिले. मग 11 मार्च 2025 रोजी एअरटेलने आणि दुसऱ्याच दिवशी जिओने स्टारलिंकशी विक्रीचा करार जाहीर केला. कालपर्यंत ज्याच्या वाटेत लिलावाची अट घालायची भाषा होती, त्याचा संच आता त्यांच्याच दुकानात मिळणार! यात विसंगती दिसत असली तरी व्यवहार चोख आहे. जिथे आपला टॉवर परवडत नाही तिथे दुसऱ्याची छत्री विकून दलाली घ्यावी, ग्राहक मात्र आपल्याच वहीत राहावा. जून 2025 मध्ये स्टारलिंकला परवाना मिळाला. वनवेब ही दुसरी उपग्रह कंपनी आणि जिओची उपग्रह शाखा यांच्याकडे तो आधीपासून आहे. वनवेबचा रोख घरगुती गिऱ्हाइकापेक्षा कंपन्या, सैन्य आणि टॉवर यांच्याकडे आहे, आणि पुढे येणाऱ्या मुद्द्यासाठी हे लक्षात ठेवावे.

आता या सगळ्याचे मावळात काय होईल? छत्री सर्वात आधी पोहोचेल ती पवना धरणाकाठच्या बंगल्यांवर. मालक मुंबई-पुण्याचा, शुक्रवारी येतो, सोमवारी सकाळी इथूनच मीटिंगला बसतो. तीन हजार रुपये त्याला जड नाहीत. बंगला भाड्याने देत असेल तर ‘वायफाय आहे’ या दोन शब्दांत तो खर्च एका शनिवारी निघतो. दूरसंचार नियामक ट्रायने मे 2025 मध्ये सुचवलेली शुल्करचना पाहा : महसुलाच्या 4 टक्के, शिवाय अशा सेवेच्या शहरी ग्राहकामागे वर्षाला 500 रुपये जादा, ग्रामीण ग्राहकाला ते माफ. हेतू चांगला आहे. पण शहर म्हणजे नगरपरिषदेची हद्द असे धरले, तर लोणावळ्यात चिक्कीचे दुकान चालवणारा शहरी ठरतो आणि ग्रामपंचायतीच्या हद्दीत तरणतलाव बांधलेला बंगलेवाला ग्रामीण. सवलत कोणाला मिळाली, ते वेगळे सांगायला नको.

याहून खोल परिणाम दिसणार नाही असा आहे. खोऱ्याच्या टोकाला टॉवर यावा यासाठी कंपनीवर जो काही दबाव असतो, तो बहुतांशी याच ऐपतदार गिऱ्हाइकामुळे असतो. तो तक्रार करतो, महागडे रिचार्ज मारतो, शनिवार-रविवारी डेटाचा आलेख वर नेतो. त्या टॉवरची रेंज आपोआप शेजारच्या ठाकर-कातकरी वस्तीलाही मिळते. बंगलेवाल्याने छत्री लावली की दुधावरची साय निघून गेली. खाली उरलेल्या दुधासाठी टॉवर उभारायला कोणी येणार नाही, आणि ‘तुमच्याकडे आता उपग्रह आहे ना’ हे उत्तर तयार असेल. उपग्रह मोबाइल कंपन्यांशी स्पर्धा करील तर ती अशी. तो त्यांचे ग्राहक फारसे पळवणार नाही. टॉवर न उभारण्याचे कारण मात्र पुरवील.

याच यंत्राचा उलटा उपयोगही होतो, आणि माझा कल त्याकडे आहे. छत्री घरावर न लावता टॉवरवर लावायची. वाडीजवळ एक छोटा टॉवर, त्याला केबलऐवजी उपग्रहाचा दुवा, आणि खाली सर्वांच्या हातात तेच नेहमीचे सिम. केबल डोंगरापलीकडे नेण्याचा सर्वात मोठा खर्च वाचतो, महिन्याचे हजारो रुपये साठ घरांत वाटले जातात, आणि सरकारी पैसा लागला असेल तर सर्व कंपन्यांची सिम चालतात. वेग फार नसेल. पण पैसे पाठवणे, रेशनच्या यंत्रावर अंगठा उमटवणे, दवाखान्याला फोन करणे, एवढे नीट चालले तरी वाडीचे अर्धे हेलपाटे वाचतील.

नोव्हेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकशी इरादापत्र केले, देशातले पहिले राज्य म्हणून. त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव अशा जिल्ह्यांची नावे आहेत. पुणे नाही, आणि जिल्हा हे माप धरले तर असणारही नाही. पुणे जिल्ह्याची सरासरी काढताना हिंजवडी आणि मावळातले कुसूर एकाच बेरजेत येतात. दुर्गमता मोजायची तर जिल्ह्याऐवजी खोरे हे माप हवे.

संपर्क नसण्याची किंमत आपत्तीत कळते. 30 जुलै 2014 च्या पहाटे आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गेले, तेव्हा गाव जागेवर नाही ही गोष्ट बाहेर कळवली ती तिथे गेलेल्या एसटीच्या चालकाने. 2023 मध्ये घाटाखालच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली तीही रात्री, भर पावसात. शाळेच्या छपरावर एक छत्री, तिच्या खाली दोन दिवस पुरेल एवढी बॅटरी आणि वर सौरपट्टी, ही व्यवस्था असल्या रात्रीसाठी आहे. पाटीला पन्नास-शंभर वॅट लागतात, म्हणजे एका जुन्या पिवळ्या बल्बएवढी वीज. संचाची किंमत, महिन्याचे भाडे आणि लहरींचे शुल्क यांवर दिल्लीत भरपूर कागद काळे झाले आहेत. बॅटरी कोण बदलणार, ग्रामपंचायत की कंपनी, हे अजून कोणत्याही दरपत्रकात आलेले नाही.