नस्ल आणि शहरियत

डिसेंबर २०२१ मध्ये वानखेडेवर एजाज पटेलने एका डावात भारताचे दहाच्या दहा गडी बाद केले. सोमवारी जळगावच्या आमच्या वर्गात एकाने विचारले, "सर, तो मुंबईत जन्मला, मुसलमान आहे, म्हणजे आपलाच ना? मग न्यूझीलंडकडून कसा?"

उर्दूत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. नस्ल म्हणजे वंश. तो जन्माने मिळतो. शहरियत म्हणजे नागरिकत्व. ते कायद्याने मिळते आणि बदलताही येते. एजाज आठव्या वर्षी आईवडिलांबरोबर न्यूझीलंडला गेला. त्याचे क्रिकेट तिथेच घडले.

ही गल्लत जुनी आहे. स्वातंत्र्यापूर्वी मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत संघ धर्मावरून पडत. सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती, म्हणून 'रेस्ट' संघात. लाहोरचे गुल महंमद मुस्लिम संघात. रणजी करंडकात मात्र दोघेही बडोद्याचे. मार्च १९४७ मध्ये होळकर संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यात या दोघांनी ५७७ धावांची भागीदारी केली. गुल महंमद ३१९, हजारे २८८.

पाच महिन्यांनी फाळणी झाली. तरी गुल महंमद भारताकडून खेळत राहिले, १९५२ मध्ये पाकिस्तानविरुद्धसुद्धा. समोर अमीर इलाही होते. तेही लाहोरचे, तेही बडोद्याकडून खेळलेले, आणि एक कसोटी भारताकडून खेळून पाकिस्तानात गेलेले. गाव एक, धर्म एक, देश मात्र दोन! पुढे गुल महंमद यांनीही पाकिस्तानचे नागरिकत्व घेतले आणि १९५६ मध्ये कराचीत ते ऑस्ट्रेलियाविरुद्ध पाकिस्तानकडून खेळले.

त्याच १९५२ च्या मालिकेत, दिल्लीच्या पहिल्या कसोटीत, पुण्यात जन्मलेले हेमू अधिकारी आणि हैदराबादचे गुलाम अहमद यांनी भारतासाठी शेवटच्या गड्यासाठी १०९ धावा जोडल्या. भारत जिंकला.

आजही जळगाव-धुळ्यात मॅचच्या दिवशी आमच्या मुलांना कुणीतरी विचारतेच, "तू कोणाकडून?" शेजारच्या बाकावरच्या मुलाला हा प्रश्न कोणी विचारत नाही. नावावरून देश ठरवण्याची ही चूक आहे. पण नाव ऐकून एजाजला 'आपला' म्हणणारा माझा विद्यार्थीही तीच चूक करत होता. त्याला मी एवढेच सांगितले, "बाळा, त्याच्या गोलंदाजीला टाळ्या जरूर वाजव. पण संघ त्याचा न्यूझीलंड, आणि तुझा भारत. तुझे नाव काय आहे, याचा त्याच्याशी काही संबंध नाही."