सेफ्टी शॉवर

अंगावर घातक रसायन सांडल्यास ते तत्काळ धुऊन काढण्यासाठी कारखान्यांत व प्रयोगशाळांत बसवलेला फवारा. दांडी ओढताच तो एका सेकंदात सुरू व्हावा आणि हात सोडल्यावरही चालू राहावा, अशी रचना असते. एएनएसआय झेड ३५८.१ या अमेरिकी मानकानुसार मिनिटाला सुमारे ७६ लिटर कोमट पाणी सलग १५ मिनिटे मिळावे लागते. भारतात आयएस १०५९२ हे मानक आहे.

पाणी रसायन विरळ करते, वाहून नेते. त्वचेत मुरलेले मात्र बाहेर काढू शकत नाही. म्हणून पहिले काही सेकंदच निर्णायक ठरतात. कपडे फवाऱ्याखालीच उतरवावेत. संकोचापोटी अंगावर ठेवलेले भिजके कापड रसायन त्वचेलगत धरून ठेवते. सल्फ्यूरिक आम्ल भरपूर पाण्याने निघते. कॉस्टिक सोडा ऊतींत खोल शिरतो, त्याला अधिक वेळ धुवावे लागते. फिनॉल पाण्यात कमी विरघळते. तुटपुंजे पाणी ते उलट पसरवते. सर्वांत फसवे हायड्रोफ्लुओरिक आम्ल: त्यातील फ्लुओराइड शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते, त्यामुळे धुतल्यावर लगेच कॅल्शियम ग्लुकोनेट जेल चोळणे व रुग्णालय गाठणे अनिवार्य असते. कळीच्या चुन्याची कोरडी भुकटी आधी झटकावी.

उघड्यावरच्या पाइपांतील पाणी उन्हाळ्यात भाजण्याइतके तापते. अशा फवाऱ्याखाली कोणी १५ मिनिटे उभे राहणार नाही. पाइप झाकावेत, दर आठवड्याला फवारा चालवून पाहावा आणि त्याखाली पिंपे रचू नयेत.