बट्टा, हुंडणावळ आणि एटीएम शुल्क : परदेशप्रवासातील रोख रकमेच्या किमतीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

प्रवासाच्या इतिहासात मार्ग, वाहने, धर्मशाळा आणि तीर्थक्षेत्रे यांचा विचार पुष्कळ झाला आहे. प्रवाशाच्या कनवटीच्या पैशाचा विचार मात्र त्या मानाने कमी झाला. वस्तुतः परक्या मुलखात आपले धन सुरक्षित नेणे आणि तेथील चलनात ते हाती पडणे, ही प्रत्येक काळातील प्रवाशापुढील मूलभूत अडचण होय. ती दूर करण्यासाठी मध्यस्थ पुढे आले आणि प्रत्येक मध्यस्थाने आपल्या सेवेचे मोल घेतले. आज परदेशी जाणारा विद्यार्थी, प्राध्यापक किंवा यात्रेकरू कोणत्या बँकेचे कार्ड बरोबर न्यावे म्हणजे पैसे काढताना कमी शुल्क पडेल, असा प्रश्न विचारतो, तेव्हा तो एका जुन्या प्रश्नाचेच नवे रूप मांडत असतो.

हे मोल काळानुसार कसे बदलले, ते कमी झाले की केवळ दृष्टीआड गेले, आणि त्याचा भार मुख्यतः कोणावर पडला, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत निबंधात करण्यात आला आहे.

हुंडी, बट्टा आणि हुंडणावळ

भारतीय उपखंडात रोख रक्कम बरोबर न बाळगता दूरच्या गावी पैसा मिळवण्याचे प्रमुख साधन हुंडी हे होते. एका गावच्या पेढीवर रक्कम भरावी, सावकाराने दुसऱ्या गावच्या आपल्या आडत्यावर कागद लिहून द्यावा आणि तो दाखवून तेथे रक्कम उचलावी, अशी ही पद्धत होती. दर्शनी हुंडी दाखवताच पटे, मुदती हुंडी ठरावीक दिवसांनंतर पटे. शहाजोग हुंडीचे पैसे केवळ बाजारात पत असलेल्या व्यक्तीलाच मिळत. त्यामुळे असा कागद वाटेत लुटला गेला, तरी चोराला त्याचा सहसा उपयोग होत नसे. सुरक्षिततेचे हे तत्त्व पुढील प्रत्येक साधनात वेगवेगळ्या रूपांत आढळते.

या सेवेची किंमत दोन नावांनी ओळखली जाई. नाण्याचा प्रकार, वजन आणि झीज पाहून सराफ जी तूट कापून घेई तो बट्टा. एका ठिकाणचा पैसा दुसऱ्या ठिकाणी पोचवण्याबद्दल द्यावी लागे ती हुंडणावळ. मराठी मुलखात अनेक टांकसाळींचे रुपये एकाच वेळी चालत असल्याने बट्टा हा नित्य व्यवहाराचा भाग होता. नावलौकिकाला 'बट्टा लागणे' हा वाक्प्रचार त्याच अनुभवाची खूण होय. हुंडणावळ हा शब्द तर पुढे रुपया आणि पौंड यांच्या विनिमय दरासाठीही मराठीत रूढ झाला. हिल्टन यंग आयोगाने 1926 मध्ये रुपयाचा दर 1 शिलिंग 6 पेन्स ठेवण्याची शिफारस केली. मुंबईतील व्यापारी वर्गाचा आग्रह 1 शिलिंग 4 पेन्सचा होता. त्या वेळचा वाद मराठीत हुंडणावळीचा वाद म्हणूनच ओळखला गेला.

बट्टा आणि हुंडणावळ जाचक असू शकत, तथापि त्या वेगवेगळ्या मोजल्या जात. सराफाने तूट किती धरली आणि सावकाराने पोचवणावळ किती घेतली, हे गिऱ्हाइकाला निदान विचारता येई. पुढील विवेचनासाठी ही बाब महत्त्वाची आहे.

पतपत्र ते प्रवासी धनादेश

युरोपात श्रीमंत प्रवासी आपल्या बँकेचे पतपत्र घेऊन निघत. ते ठरावीक शहरांतील ठरावीक पेढ्यांवरच चाले. लंडनमधील स्कॉटिश बँकर रॉबर्ट हेरीज याने 1772 मध्ये युरोपातील अनेक शहरांत वटवता येतील अशा सर्क्युलर नोटा प्रचारात आणल्या. थॉमस कुक यांच्या कंपनीने 1874 मध्ये अशाच नोटा आपल्या सहलींतील प्रवाशांसाठी काढल्या आणि हे साधन सरदार-जमीनदारांकडून मध्यमवर्गाकडे आले. या कंपनीचे मुंबई कार्यालय 1881 मध्ये उघडले.

अमेरिकन एक्सप्रेस कंपनीने 1891 मध्ये प्रवासी धनादेश सुरू केला. त्याची रचना मार्सेलस बेरी या कंपनीच्या अधिकाऱ्याने केली. खरेदी करताना एक सही आणि वटवताना, समोरच्या माणसादेखत, दुसरी सही अशी ही साधी युक्ती होती. शहाजोग हुंडीत माणसाच्या प्रतिष्ठेवर ठेवलेला विश्वास येथे सहीवर ठेवण्यात आला. पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा युरोपात अडकलेल्या अमेरिकन प्रवाशांना अनेक बँकांनी पैसे नाकारले. अमेरिकन एक्सप्रेसने मात्र आपले धनादेश वटवणे चालू ठेवले. त्यामुळे या साधनाची पत मोठ्या प्रमाणावर वाढली.

येथे शुल्काच्या स्वरूपात एक मूलगामी बदल झाला. प्रवासी धनादेश विकत घेताना अल्प दलाली पडे, परंतु कंपनीचा मोठा लाभ दलालीत नव्हता. धनादेश विकल्यापासून तो वटेपर्यंत ग्राहकाचा पैसा कंपनीकडे बिनव्याजी राही आणि त्या गुंतवणुकीचे उत्पन्न तिला मिळे. अशा रीतीने प्रवाशाने दिलेली किंमत त्याच्या पावतीवरून नाहीशी झाली.

यंत्राचे आगमन आणि जाळ्यांचा विस्तार

27 जून 1967 रोजी उत्तर लंडनमधील एनफिल्ड येथे बार्कलेज बँकेच्या शाखेत रोख रक्कम देणारे यंत्र बसवण्यात आले. ते विकसित करणारे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म 1925 मध्ये शिलाँग येथे झाला होता. त्या यंत्रात प्लास्टिकचे कार्ड नसून रासायनिक खूण असलेला कागद घालावा लागे आणि एका वेळी 10 पौंड मिळत. त्याच सुमारास जेम्स गुडफेलो यांनी गुप्त क्रमांकाच्या पद्धतीचे पेटंट मिळवले होते. प्रवासी धनादेशाच्या सहीची जागा पुढे याच गुप्त क्रमांकाने घेतली.

सुरुवातीची यंत्रे केवळ आपापल्या बँकेच्या ग्राहकांसाठी होती. 1980 च्या दशकात अमेरिकेत सिरस आणि प्लस ही आंतरबँक जाळी उभी राहिली. पुढे त्यांचे संबंध अनुक्रमे मास्टरकार्ड आणि व्हिसा यांच्याशी जुळले आणि त्यांचा पसारा जगभर झाला. भारतातील पहिले एटीएम 1987 मध्ये एचएसबीसी बँकेने मुंबईत बसवले. जपानमध्ये सेव्हन बँकेने 2007 मध्ये आपल्या यंत्रांवर परदेशी कार्डे स्वीकारण्यास सुरुवात केली आणि रोखीवर चालणाऱ्या त्या देशात प्रवाशांची मोठी सोय झाली.

यंत्रामुळे प्रवाशाला बँकेची वेळ पाहावी लागेना, धनादेशांचे पुडके सांभाळावे लागेना आणि घाऊक बाजाराच्या जवळचा विनिमय दर मिळू लागला. तथापि हुंडीच्या व्यवहारात दोन पेढ्या असत, तर येथे मध्यस्थांची संख्या तीन झाली : कार्ड देणारी बँक, जाळे चालवणारी संस्था आणि यंत्राचा मालक.

शुल्काचे थर

या तिघांच्या आकारणीतून आजचे शुल्क घडले आहे. पहिला थर यंत्रमालकाचा. अमेरिकेत व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी यंत्रमालकाच्या अधिभारावरील आपली देशव्यापी बंदी एप्रिल 1996 मध्ये उठवली आणि तेथे हा अधिभार सर्वत्र पसरला. थायलंडमधील बँकांनी 2009 मध्ये परदेशी कार्डांवर प्रत्येक वेळी 150 बाथ आकारण्यास आरंभ केला. दुसरा थर कार्ड देणाऱ्या बँकेचा असून तो दर व्यवहारामागे ठरावीक रकमेच्या स्वरूपात असतो. तिसरा थर विनिमयावरील टक्केवारीचा. जाळ्याने ठरवलेल्या दरावर बँक आपली टक्केवारी चढवते. पावतीवर तो बहुधा दिसत नाही.

याखेरीज चौथा, ऐच्छिक थर आहे. परदेशातील यंत्र 'आपल्या खात्याच्या चलनात रक्कम आकारावी काय' असे विचारते. होकार दिल्यास दर जाळ्याचा न लागता यंत्रमालकाने ठरवलेला लागतो व तो सामान्यतः महाग असतो. आपले ओळखीचे चलन पडद्यावर पाहून प्रवासी निःशंक होतो, हेच या पद्धतीचे बलस्थान होय. स्थानिक चलनाचा पर्याय निवडणे हाच येथे किफायतीचा मार्ग ठरतो.

कार्डाची निवड म्हणजे या थरांचे गणित होय. समजा, एक कार्ड दर व्यवहाराला 300 रुपये घेते व टक्केवारी घेत नाही. दुसरे स्थिर शुल्क घेत नाही, परंतु रकमेवर 3 टक्के घेते. 10,000 रुपयांना दोन्ही सारखीच पडतात. त्याहून कमी रक्कम काढणाऱ्यास दुसरे कार्ड परवडते, अधिक काढणाऱ्यास पहिले. दोन्ही आकारण्या एकाच कार्डावर असतील, तर 40,000 रुपये एकदम काढणाऱ्यास 1,500 रुपये, म्हणजे 3.75 टक्के पडतात. तीच रक्कम 5,000 रुपयांप्रमाणे आठ वेळा काढणाऱ्यास 3,600 रुपये, म्हणजे 9 टक्के मोजावे लागतात. क्रेडिट कार्डावर रोख रक्कम घेतल्यास सामान्यतः त्याच दिवसापासून व्याज सुरू होते, ही बाब वेगळीच.

या उदाहरणातून शुल्काचे सामाजिक स्वरूप स्पष्ट होते. जवळ थोडे पैसे असलेला, ते हरवण्याच्या भीतीने थोडे थोडे काढणारा विद्यार्थी किंवा कामगार प्रमाणाच्या दृष्टीने सर्वाधिक किंमत देतो.

नियमन, न्यायालय आणि स्पर्धा

1 जानेवारी 2002 रोजी युरोपातील 12 देशांत युरोच्या नोटा व नाणी चलनात आली. चलन एक झाले, तरी शेजारच्या देशातील यंत्रातून पैसे काढताना जादा शुल्क पडत होते. युरोपीय संघाने डिसेंबर 2001 मध्ये केलेल्या नियमानुसार 1 जुलै 2002 पासून देशांतर्गत आणि सीमापार युरो व्यवहारांना समान शुल्क बंधनकारक झाले. या नियमाने शुल्काची कमाल मर्यादा ठरवली नाही, केवळ परकेपणाबद्दलचा दंड रद्द केला. 2019 च्या दुरुस्तीने चलनरूपांतराचा अधिभार युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भदराच्या तुलनेत टक्केवारीत दाखवणेही आवश्यक ठरवले. ती तरतूद एप्रिल 2020 मध्ये लागू झाली.

अमेरिकेत हा प्रश्न न्यायालयात गेला. परदेशातील कार्ड व्यवहारांवरील चलनरूपांतर शुल्काबाबत व्हिसा, मास्टरकार्ड आणि काही बँकांविरुद्ध दाखल झालेल्या सामूहिक दाव्यात 2006 मध्ये 33 कोटी 60 लाख डॉलरची तडजोड झाली. दुसरीकडे स्पर्धेनेही काही मार्ग काढले. बार्कलेज, डॉइश बँक, बँक ऑफ अमेरिका आदींनी 2002 मध्ये एकत्र येऊन परस्परांच्या ग्राहकांना यंत्रशुल्कात सवलत दिली. अमेरिकेतील चार्ल्स श्वाब बँकेने 2007 मध्ये काढलेल्या खात्यात यंत्रमालकांचे शुल्क ग्राहकास परत देण्याची सोय केली. या सोयींचा लाभ अर्थातच माहिती असलेल्या ग्राहकालाच झाला.

भारतीय प्रवाशाची स्थिती

भारतीय प्रवाशाच्या बाबतीत शुल्कापूर्वी परवानगीचा प्रश्न होता. 1947 व 1973 च्या परकीय चलन नियमन कायद्यांखाली परदेशी चलन ही दुर्मिळ वस्तू होती. 1999 चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा 1 जून 2000 पासून अमलात आला. फेब्रुवारी 2004 च्या उदारीकृत योजनेने व्यक्तीस वर्षाला 25,000 डॉलर पाठवण्याची मुभा दिली आणि 2015 मध्ये ही मर्यादा अडीच लाख डॉलर झाली. परवानगीची चिंता संपताच किमतीची चिंता पुढे आली.

देशांतर्गत क्षेत्रात रिझर्व्ह बँकेने 1 एप्रिल 2009 पासून इतर बँकांच्या एटीएमचा वापर बचत खातेदारांना निःशुल्क केला. पुढे निःशुल्क व्यवहारांच्या संख्येवर मर्यादा आल्या. परदेशातील यंत्रमालकाचे शुल्क मात्र भारतीय नियामकाच्या कक्षेबाहेरच राहते. 1 ऑक्टोबर 2020 पासून नवीन कार्डे प्रथम देशांतर्गत वापरापुरतीच चालू असतात व परदेशातील वापराची सोय ग्राहकाने स्वतः मागून घ्यावी लागते. ही तरतूद सुरक्षिततेची आहे. परंतु निघण्यापूर्वी सोय चालू करून घेण्याच्या निमित्ताने दरपत्रक वाचण्याची संधीही तीतून मिळते. आगाऊ भरलेल्या परकीय चलन कार्डात दर भरणा करतानाच निश्चित होतो, या दृष्टीने ते प्रवासी धनादेशाचे वारस होय. मात्र भरलेल्या चलनाहून वेगळे चलन काढल्यास पुन्हा रूपांतराचा खर्च पडतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

1. हुंडीपासून कार्डापर्यंत साधने बदलली, तरी सुरक्षितता आणि विनिमय या दोन सेवांची किंमत प्रवाशाने सातत्याने दिली आहे.

2. या किमतीची दिशा दृश्याकडून अदृश्याकडे राहिली. बट्टा सराफाच्या हाती दिसे, प्रवासी धनादेशाचे मोल व्याजात दडले आणि कार्डाचे मोल विनिमय दरात दडले.

3. केवळ तंत्रज्ञानाने शुल्क कमी झाले नाही. जेथे नियमाने समानता किंवा प्रकटीकरण बंधनकारक केले, न्यायालयाने जाब विचारला किंवा स्पर्धा निर्माण झाली, तेथेच ग्राहकाचा लाभ झाला.

4. स्थिर शुल्काचा प्रमाणाबाहेर भार अल्प रक्कम काढणाऱ्यावर पडतो. म्हणून कार्डाची निवड हा वैयक्तिक चातुर्याचा विषय असला, तरी तो आर्थिक न्यायाचाही विषय ठरतो.

पूर्वीचा यात्रेकरू निघण्यापूर्वी पेढीवर जाऊन हुंडणावळ विचारून घेई. आजच्या प्रवाशाला तीच चौकशी तीन मध्यस्थांकडे करावी लागते आणि त्यांपैकी दोघे त्याला कधी दिसतही नाहीत. परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना व्हिसा आणि प्रवेशपत्रांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या महाविद्यालयांनी या चौकशीची रीतही त्यांना शिकवणे अगत्याचे आहे.